केबल नको, सॅटेलाइट नको: गच्चीवरच्या तारेने परदेशाशी कसं बोलायचं

सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात लाल समुद्रात जेद्दाहजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि दुबईतल्या माझ्या मावसभावाचा व्हिडिओ कॉल दोन-तीन दिवस धड लागेना. मावशी दर दहा मिनिटांनी विचारायची काय झालं रे, आणि घरात रेडिओच्या नादी लागलेला मी एकटाच, त्यामुळे सगळ्यांनी मलाच धरलं. तेव्हा घरच्यांना पहिल्यांदा कळलं की आपला आवाज आकाशातून वगैरे जात नाही, समुद्राच्या तळाशी पडलेल्या, बागेतल्या पाइपाएवढ्या जाडीच्या केबलमधून जातो आणि कुठल्या तरी जहाजाचा नांगर तिच्यावरून फरपटला की संपलं. हे काही पहिल्यांदा झालं नव्हतं. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ केबल तुटल्या तेव्हा भारतातलं इंटरनेट असंच लंगडलं होतं, आणि जानेवारी २०२२ मध्ये टोंगा बेटांजवळ ज्वालामुखी फुटला तेव्हा त्या देशाला फिजीशी जोडणारी एकुलती एक केबल तुटली, ती दुरुस्त व्हायला जवळपास पाच आठवडे गेले.

मग लोक म्हणतात, सॅटेलाइट आहे की. आहे, पण त्याचं बटण दुसऱ्याच्या हातात असतं, आणि आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांच्या बॅगेत असलं यंत्र सापडून गुन्हे दाखल झालेत. तेव्हा प्रश्न असा की या दोन्हींशिवाय हजारो किलोमीटरवर बोलायचं असेल तर काय, आणि मी-तुम्ही घरून काय करू शकतो. पर्याय खूप आहेत पण घरून सहज जमणारा एकच आहे, शॉर्टवेव्ह. बाकीचे आधी पटकन उरकतो.

जमिनीवरची फायबर हा सरकारं आणि मोठ्या कंपन्यांचा मार्ग. नेपाळचं बरंचसं इंटरनेट भारतातून जमिनीवरूनच जातं, युरोप आणि पूर्व आशिया रशियामधून जमिनीवरून जोडलेले आहेत. ही कल्पना नवी अजिबात नाही, १८७० मध्ये सीमेन्स बंधूंनी लंडन-बर्लिन-वॉर्सा-ओडेसा-तेहरान अशी तारांची ओळ उभी केली आणि पुढे ती भारताच्या तारांना जोडली गेली, त्याआधी तार पोचायला कितीतरी दिवस लागायचे ती लंडनहून कलकत्त्याला तासाच्या आत पोचायला लागली. पण वाटेत जितके देश तितक्या परवानग्या आणि तितक्या कुऱ्हाडी.

दुसरा मार्ग साधा, हार्ड डिस्क पाठवा. हसू नका, हिशोब करून बघा, ४ टेराबाइटची डिस्क कोणी मुंबईहून लंडनला हातात घेऊन गेलं आणि दारापासून दारापर्यंत २४ तास लागले तर तो वेग सेकंदाला साधारण ३७० मेगाबिट पडतो, घरच्या ब्रॉडबँडपेक्षा जास्त. फक्त "हॅलो" म्हटल्यावर उत्तर दोन दिवसांनी येतं.

तिसरा, ट्रोपोस्कॅटर. म्हणजे खूप ताकदीचे मायक्रोवेव्ह क्षितिजाकडे सोडायचे आणि हवेच्या थरांतून विखरून पलीकडे जे थोडंसं उतरतं ते मोठ्या डिशने गोळा करायचं. भारत आणि सोव्हिएत रशियात श्रीनगर ते ताजिकिस्तान अशी एक लिंक होती, डोंगरांच्या डोक्यावरून, केबल नाही, सॅटेलाइट नाही. पण ते काम फौजेचं किंवा सरकारी खात्याचं, आपल्या गच्चीवर मावत नाही. चौथा म्हणजे चंद्र. चंद्रावर सिग्नल आपटून परत आणायचा, ३ लाख ८४ हजार किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे, अडीच सेकंदात प्रतिध्वनी येतो. अमेरिकेच्या नौदलाने १९६० च्या सुमाराला हवाई बेटं आणि मेरीलँड यांच्यात खरोखर अशी सेवा चालवली होती. हौशी लोक आजही करतात, पण त्याला मोठा अँटेना आणि भरपूर चिकाटी लागते, सुरुवात तिथून करू नका.

राहिला शॉर्टवेव्ह, म्हणजे ३ ते ३० मेगाहर्ट्झ, ज्याला हॅम लोक, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणारे, एचएफ म्हणतात. आणि इथे पुणे-दौंडकरांनी कान टवकारावेत. २३ जुलै १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनने भारत-इंग्लंड बिनतारी तारसेवा सुरू केली, तिची भारतातली दोन ठाणी होती खडकी आणि दौंड, एक पाठवायला आणि एक ऐकायला. १९३३ मध्ये याच मार्गाने इंग्लंडशी टेलिफोनही सुरू झाला. म्हणजे भारताच्या बाजूने समुद्राखालच्या तारांना बिनतारी टक्कर आपल्या पुणे जिल्ह्यातून दिली गेली आणि आज पुण्यात शंभर जणांना विचारलं तर पाच जणांनाही माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हे चालतं कसं तेवढं आधी डोक्यात बसवा, नाहीतर पुढचं सगळं अंधारात दगड मारल्यासारखं होईल. सूर्याच्या किरणांनी वरच्या हवेतले कण विद्युतभारित होतात, त्या पट्ट्याला आयनोस्फिअर म्हणतात. त्यातला सगळ्यात वरचा एफ थर, साधारण २५० ते ४०० किलोमीटरवर, तो शॉर्टवेव्हला वाकवून परत जमिनीकडे पाठवतो, एका उडीत सिग्नल ३ हजार किलोमीटर सहज जातो, कधी ४ हजारांच्या आसपास. मुंबई ते दुबई १,९०० किलोमीटरच्या थोडं वर, एकच उडी. मुंबई ते लंडन ७,२०० च्या आसपास, दोन-तीन उड्या, मध्ये जमिनीवर नाहीतर समुद्रावर आपटून परत वर. सगळ्यात खाली डी थर असतो, साधारण ६० ते ९० किलोमीटरवर, तो दिवसा असतो आणि कमी फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, सूर्य मावळला की तो विरतो आणि कमी फ्रिक्वेन्सी मोकळ्या होतात. म्हणून लक्षात ठेवायचा एकच नियम: सूर्य वर तर फ्रिक्वेन्सी वर, सूर्य खाली तर फ्रिक्वेन्सी खाली. दुपारी १४, २१, २८ मेगाहर्ट्झ, रात्री ७ आणि त्याखाली.

यातली एक गंमत नवीन माणसाला पटतच नाही. १४ मेगाहर्ट्झवर पुण्यातून निघालेला सिग्नल नाशिकला ऐकू येत नाही पण ओमानला खणखणीत येतो, कारण पहिली उडी नाशिकच्या डोक्यावरून निघून जाते. जवळचा ऐकत नाही म्हणून सेट बिघडला असं समजून लोक सेट उघडून बसतात, तसं करू नका.

आता कामाला लागू. पहिली पायरी फक्त ऐकणं, आणि ही पायरी कोणी टाळू नका, मी तर म्हणेन सहा महिने नुसतं ऐका. ट्रान्झिस्टर चालेल पण त्यात एसएसबी असला पाहिजे, म्हणजे सिंगल साइडबँड, कारण हॅम लोकांचं लांबचं बोलणं बहुतेक त्यातच असतं आणि साध्या रेडिओवर ते बदक बोलल्यासारखं ऐकू येतं. टेकसनचे एसएसबीवाले छोटे रेडिओ आहेत, किंवा लॅपटॉपला लावायचा एसडीआर डोंगल घ्या, म्हणजे पेनड्राइव्हएवढा रेडिओ ज्याचं बाकीचं काम सॉफ्टवेअर करतं, फक्त घेताना तो ३० मेगाहर्ट्झच्या खाली ऐकतो का ते विचारून घ्या. काहीच घ्यायचं नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडा आणि तिथल्या अँटेनावर काय ऐकू येतं ते ऐका, शिकायला उत्तम आहे, पण तो आवाज तुमच्यापर्यंत केबलनेच येतो हे ध्यानात असू द्या. केबल तुटल्या दिवशी तो कामाचा नाही.

रेडिओ आणला, लावला, आणि नुसता खर्रर्र आवाज. इथे दहातले आठ जण सोडून देतात. हा आवाज आकाशातला नसतो, घरातला असतो. एक प्रयोग करा, मी केला तेव्हा माझे डोळे उघडले: रेडिओ बॅटरीवर लावा, ७ मेगाहर्ट्झवर ठेवा आणि घराचा मेन स्विच बंद करा. माझ्याकडे खर्रर्र एकदम गेला आणि त्याच्या जागी हळू सळसळ आली, पावसाआधी झाडं हलतात तशी, आणि त्या सळसळीत लांबून कोणीतरी बोलत होतं. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. हॉलचा एमसीबी वर केला, काही नाही. स्वयंपाकघराचा केला, थोडी गुणगुण. बेडरूमचा केला आणि तो खर्रर्र परत हजर. शेवटी चोर निघाला पलंगामागचा स्वस्तातला मोबाइल चार्जर, ज्याला फोन लावलेलाही नव्हता. तो काढला, दुसरा लावला, काम झालं. एलईडी बल्बचे ड्रायव्हर, इन्व्हर्टर, सोलरचा इन्व्हर्टर, सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर हे बाकीचे नेहमीचे संशयित, आणि दिवाळीत शेजारच्या बाल्कनीतल्या एलईडी माळा, त्याला मात्र इलाज नाही, ते चार दिवस पहाटे लवकर उठून ऐकायचं.

ऐकायचं काय तर आधी वेळेचे सिग्नल पकडा. चीनचं बीपीएम नावाचं स्टेशन ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर सेकंदाला टिक टिक पाठवतं, मधेच मोर्समध्ये, म्हणजे डॅश-डॉटच्या टूटू लिपीत, आणि चिनी भाषेत स्टेशनची ओळख येते. १० मेगाहर्ट्झवर सकाळी, दुपारी, रात्री असं पंधरा दिवस ऐका आणि वहीत लिहा किती जोरात येतंय. कुठल्याही पुस्तकापेक्षा आयनोस्फिअर यातून जास्त कळतो. मग परदेशी प्रसारणं शोधा. बीबीसीने हिंदीचं शॉर्टवेव्ह जानेवारी २०२० मध्ये बंद केलं तेव्हा सगळे म्हणाले आता हे तंत्र संपलं, आणि दोनच वर्षांनी युक्रेनमध्ये युद्ध सुरू झाल्यावर त्याच बीबीसीने युक्रेनसाठी शॉर्टवेव्हवर दिवसाला चार तास बातम्या सुरू केल्या. विमानांचंही तसंच, मुंबईहून आखाताकडे जाणारं विमान अरबी समुद्रावर रडारच्या आणि व्हीएचएफच्या, म्हणजे सरळ रेषेत चालणाऱ्या जवळच्या रेडिओच्या, टप्प्याबाहेर गेलं की वैमानिक आजही एचएफवरच मुंबईशी बोलतात.

दुसरी पायरी अँटेना, आणि खरा जीव यातच आहे. कितीही महाग सेट घ्या, अँटेना घराच्या ग्रिलला टांगलेली वायर असेल तर काही होणार नाही. सगळ्यात सोपा आणि खात्रीचा म्हणजे हाफ वेव्ह डायपोल, दोन सारख्या लांबीच्या तारा, मध्ये कोअॅक्स केबल, टीव्हीच्या डिशला असते तसली, आत एक तार आणि बाहेरून जाळी. एकूण लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. १४.१ मेगाहर्ट्झसाठी १०.१ मीटर, म्हणजे एकेक बाजू पाच मीटरच्या जरा वर. ७.१ साठी २०.१ मीटर, एकेक बाजू दहा मीटर. पहिला डायपोल १४ चाच करा, दहा मीटर कुठल्याही सोसायटीच्या गच्चीवर मावतं आणि दुबईपासून युरोपपर्यंत सगळं याच बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर, मिळतं.

सामान सगळं जवळचंच. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची मल्टीस्ट्रँड तांब्याची वायर, टोकाला आणि मध्ये इन्सुलेटर म्हणून पीव्हीसी पाइपचे बोटभर लांबीचे तुकडे भोकं पाडून, बांधायला नायलॉनची दोरी, आणि आरजी ५८ कोअॅक्स. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं. मधल्या तुकड्यावर कोअॅक्सची आतली तार एका बाजूला आणि बाहेरची जाळी दुसऱ्या बाजूला सोल्डर करा, वर टेप आणि सिलिकॉन नीट भरा, कारण पहिल्या पावसात पाणी जाळीतून आत उतरतं आणि केबल आतून काळी पडते, मग दोन महिने डोकं खाजवत बसाल. जोडाच्या खालीच कोअॅक्सचे वीतभर व्यासाचे आठ-दहा वेटोळे करून टाय मारा, त्याने केबलच्या बाहेरून फिरणारा करंट अडतो आणि घरातला खर्रर्रही कमी होतो.

तार नेहमी थोडी लांबच कापा, एकेक बाजू सव्वापाच मीटर ठेवा आणि मग दोन्ही बाजूंनी सारखी दोन-दोन सेंटीमीटर कमी करत एसडब्ल्यूआर बघा, म्हणजे अँटेनाकडून किती सिग्नल परत फिरतो त्याचं माप, जितकं कमी तितकं चांगलं. प्लॅस्टिकच्या आवरणामुळे तार थोडी आखूडच बसते, त्यामुळे फॉर्म्युल्याच्या खाली जायला लागलं तर घाबरू नका. नॅनोव्हीएनए नावाचं तळहातावर मावणारं यंत्र मिळतं, त्यावर एसडब्ल्यूआरची दरी कुठल्या फ्रिक्वेन्सीवर पडते ते दिसतं, दीडच्या खाली आलं की थांबा. पाण्याच्या टाकीवर बांबू किंवा पाइप उभा करून मधला भाग वर आणि दोन्ही टोकं कठड्याकडे उतरती बांधली तरी चालतं, त्याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात, सोसायटीत हेच बरं पडतं. दिशा बघा: डायपोल तारेच्या आडव्या अंगाला जास्त फेकतो, महाराष्ट्रातून युरोप वायव्येला येतो, म्हणून तार ईशान्य-नैऋत्य ताणा, मग एका बाजूला आखात-युरोप आणि दुसऱ्या बाजूला सिंगापूर-ऑस्ट्रेलिया दोन्ही येतात.

तीन गोष्टी हात जोडून सांगतो. विजेच्या तारांच्या जवळपास अँटेना नको, तुटून पडली तरी तिथे पोचणार नाही एवढं अंतर हवं. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग दिसले की कोअॅक्स सेटपासून काढून घराबाहेर टाका, गडगडाट सुरू व्हायची वाट बघू नका. आणि सेक्रेटरींना आधी सांगा, लेखी सांगा, शक्य असेल तर त्यांना वर नेऊन रेडिओ ऐकवा. आमच्या सेक्रेटरी काकांनी लहानपणी रेडिओ सिलोन ऐकलेला, त्यांनी दहा मिनिटं शॉर्टवेव्ह ऐकलं आणि स्वतःच टाकीची शिडी धरून उभे राहिले.

तिसरी पायरी परवाना. ऐकून ऐकून पुरे झालं आणि बोलायची इच्छा अनावर झाली की मगच याकडे या, आणि परवाना हातात येईपर्यंत ट्रान्समिटर विकत घेऊ नका, तो नुसता जवळ ठेवायलाही परवाना लागतो. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी नावाची शाखा परीक्षा घेते, अर्ज सरळ संचार पोर्टलवर. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. दोन्हींत रेडिओचं प्राथमिक तंत्र आणि नियम यांचा पेपर असतो, जनरलला मोर्सही येतं. वयाची अट फक्त १२ वर्षं, त्यामुळे सातवी-आठवीतल्या पोरांना बरोबर घेऊन बसा, ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात. परवान्याबरोबर कॉलसाइन मिळतो, म्हणजे हवेवरची तुमची ओळख, रिस्ट्रिक्टेडचा व्हीयू३ ने सुरू होतो, जनरलचा व्हीयू२ ने. फी आणि फॉर्म बदलत असतात, ते अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवरच बघा, कोणाच्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका. माझं मत, मोर्स जमत असेल तर थेट जनरलच द्या, कारण मोर्स नुसतं परीक्षेपुरतं नाही, आवाज कळेनासा होतो तिथे मोर्सची टूटू अजून कळत असते.

काय चालत नाही तेही आत्ताच सांगतो. हॅमवर धंद्याचं बोलणं नाही, दुसऱ्याला कळू नये म्हणून गुप्त भाषा नाही, दुसऱ्याचे निरोप पोचवण्याचा व्यवसाय नाही, आपत्तीत मात्र तीच सेवा ठरते. आणि माझ्या मावशीला जे समजावायला सगळ्यात जास्त वेळ लागला ते हे: मावसभावाशी बोलायचं तर त्याच्याकडेही तिथला परवाना हवा. तुमच्याकडे आहे आणि त्याच्याकडे नाही, तर तो फक्त ऐकू शकतो. तेव्हा ज्या घरातली माणसं परदेशात आहेत त्यांनी दोन्हीकडे एकेक माणूस तयार करावा.

सेट कोणता? शंभर वॅटचा एचएफ ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलणं-ऐकणं दोन्ही करणारा सेट, बोलताना १३.८ व्होल्टवर साधारण वीस अँपिअर ओढतो, नुसतं ऐकताना एकाच्या आसपास. म्हणजे गाडीची बॅटरी असेल तर वीज गेली तरी संध्याकाळ निघते. पाच-दहा वॅटचे छोटे सेटही आहेत आणि मोर्स किंवा डिजिटलला ते पुरतात. पैसे कमी असतील तर सेट छोटा घ्या, अँटेना उंच करा, उलटं करू नका.

चौथी पायरी डिजिटल, आणि इथे तुम्हाला खरं आश्चर्य वाटेल. प्रिन्स्टनचे जो टेलर, ज्यांना १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते स्वतः हॅम आहेत आणि त्यांनी डब्ल्यूएसजेटी-एक्स नावाचं फुकट सॉफ्टवेअर लिहिलं. त्यातला विस्पर मोड दोन मिनिटांत फक्त कॉलसाइन, जागा आणि पॉवर एवढंच पाठवतो, पण कानाला काहीच ऐकू येत नाही अशा गोंगाटातून ते पलीकडे निघतं, बल्बपेक्षाही कमी, एक वॅट किंवा त्याहून कमी पॉवरवर दुसऱ्या खंडात पोचतं. एफटी८ हा २०१७ मध्ये आलेला मोड, पंधरा सेकंदाच्या पाळ्या, एक मिनिट-दीड मिनिटात एकमेकांना कॉलसाइन आणि सिग्नल किती जोरात आला त्याचा रिपोर्ट देऊन संपर्क पूर्ण. ७.०७४, १४.०७४, २१.०७४ या फ्रिक्वेन्सी लावून रेडिओचा आवाज लॅपटॉपमध्ये सोडा, परवाना नसतानाही ऐकायला काहीच हरकत नाही, आणि स्क्रीनवर इंडोनेशिया, इटली, जपान असे कॉलसाइन एकामागून एक पडायला लागतात. पहिल्यांदा बघताना रात्रीचं जेवण राहून जातं.

पण एफटी८ गप्पांसाठी नाही, त्यात मनाच्या मजकुराला १३ अक्षरांची जागा. "केबल तुटली, सगळे ठीक आहोत, उद्या याच वेळी" असं लिहून पाठवायचं तर जेएस८कॉल घ्या, त्याच तंत्रावर बांधलेला पण कीबोर्डवर टाइप करून बोलायचा, वेग अगदी हळू, पत्र लिहिल्यासारखा. तेवढं पुरतं. ३ किलोहर्ट्झच्या चॅनेलमध्ये व्हिडिओ कॉल कधीच जाणार नाही, काही हजार बिट प्रति सेकंद ही चांगल्या दिवसाची मजल, त्यामुळे शॉर्टवेव्हकडून निरोपाची अपेक्षा ठेवा, सिनेमाची नको.

एक बारीक गोष्ट, जी केबल तुटल्या दिवशीच आठवते. एफटी८ला लॅपटॉपचं घड्याळ सेकंदाच्या आत बरोबर लागतं, आणि ते एरवी इंटरनेटवरून आपोआप लागतं. इंटरनेट गेलं की दोन-चार दिवसांत घड्याळ सरकतं आणि अचानक काहीच डिकोड होईनासं होतं. तेव्हा १० मेगाहर्ट्झवर बीपीएमची टिक ऐका आणि घड्याळ हाताने लावा. मग सॉफ्टवेअरमध्ये डीटी नावाचा रकाना बघा, समोरच्या सगळ्यांचा डीटी साधारण अर्धा सेकंद दाखवत असेल तर चूक त्यांची नाही, तुमचं घड्याळ अर्ध्या सेकंदाने चुकलंय, तेवढं सरकवा. हे एकदा मुद्दाम वायफाय बंद करून करून बघा.

वेळ ठरवणं ही शेवटची आणि सगळ्यात जास्त चुकणारी पायरी. सगळं यूटीसीमध्ये, म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. नुसती एक फ्रिक्वेन्सी ठरवू नका, तीन ठरवा आणि क्रम ठरवा: आधी २१, दहा मिनिटं काही नाही तर १४, तिथेही नाही तर ७. दुबई-मस्कतसाठी दिवसा १४ आणि २१, रात्री ७. युरोपसाठी आपली दुपार ते रात्री दहा, आधी २१ मग १४. जपानला दुपारी. मॉरिशस ४,७०० किलोमीटरच्या आसपास, तिथे मराठी बोलणारी घरं आजही आहेत, संध्याकाळी १४ आणि २१ वर प्रयत्न करा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी पहाट आणि सकाळी सातपर्यंत १४. कॅलिफोर्नियाला मात्र मन मोठं ठेवा, ती बाजू आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या पलीकडे, आणि सिग्नलला ध्रुवाजवळून जावं लागतं.

आणि सूर्याचं ऐकावंच लागतं. मे २०२४ मध्ये दहा-अकरा तारखेला मोठं सौर वादळ आलं, लडाखमध्ये हानलेहून लाल अरोरा, म्हणजे एरवी ध्रुवाकडे दिसणारा आकाशातला प्रकाश, दिसला, त्या दोन दिवसांत शॉर्टवेव्ह इतकं मेलेलं होतं की मला वाटलं केबलच तुटली, अँटेनाची. सूर्याचं चक्र साधारण ११ वर्षांचं, सध्याचं २५ वं डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि त्याची भरती होऊन गेली, म्हणजे पुढच्या काही वर्षांत २८ मेगाहर्ट्झ हळूहळू झोपेल आणि ७-१४ वरच भिस्त राहील. सुरुवात करायची तर या वर्षीच करा, वरचे बँड जागे आहेत तोवर.

हे सगळं कशाला, व्हॉट्सअॅप चालू असताना, असं कोणी विचारलं की मी अंदमानची गोष्ट सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू२आरबीआय, यांच्या पुढाकाराने हॅम लोकांची एक टीम हौसेने पोर्ट ब्लेअरला गेली होती, जगभरच्या हॅमना अंदमानशी संपर्क मिळावा म्हणून. २६ तारखेला त्सुनामी आली, फोन गेले, वीज गेली, आणि त्याच टीमने तीच हौसेची यंत्रं घेऊन बेटांची खबर मुख्य भूमीवर पोचवायला सुरुवात केली, कोण जिवंत आहे, कुठे काय हवंय. तेव्हा अंदमानला समुद्राखालची केबल नव्हतीच, चेन्नईहून ती पोचली ऑगस्ट २०२० मध्ये. त्यांचा अँटेना आधीच वर होता, बँड कधी उघडतो ते त्यांना आधीच माहीत होतं, म्हणून जमलं. लाटा आल्यावर कोणी डायपोलची लांबी मोजायला बसत नाही.

मावसभावाने तिकडे परीक्षेची तयारी सुरू केलीय, तोवर तो एसएसबीचा छोटा रेडिओ घेऊन ऐकतो. दर शुक्रवारी यूटीसी १५:३०, म्हणजे आपल्या रात्री नऊ वाजता, मी १४ वर मोर्समध्ये सीक्यू देतो, म्हणजे "कोणी आहे का" अशी हाक, आणि शेवटी माझा कॉलसाइन तीनदा. काहीच ऐकू आलं नाही तर तो ७ वर जातो, मीही जातो. गेल्या शुक्रवारी त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यावर पेन्सिलने डॅश-डॉट, मधली दोन अक्षरं गाळलेली, खाली मावशीचं नाव लिहून तीनदा अधोरेखित केलेलं, आणि बाजूला: "ऐकू आलं. पंखा बंद केला मग स्वच्छ आलं."